प्रीमियर पद्मिनी : गरम झाली की सेल्फ (स्टार्टर मोटर) लागत नाही. बॅटरी नवी, सेल्फ दुरुस्त, आता काय?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. मामांनी नवी घेतलेली, त्यांच्याकडून माझ्याकडे आली. गेल्या वर्षी पूर्ण पत्राकाम करून रंग दिला, इंजिन उतरवून रिंगा-बेअरिंगचं काम केलं. दिसायला आणि चालायला गाडी झकास आहे, तक्रार एकच.

सकाळी थंड इंजिनावर किल्ली फिरवली की सेल्फ लागतो. जरा जड वाटतो, पण गाडी चालू होते. कराडहून निघालो, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. वाटेत चहाला थांबून गाडी बंद केली की संपलं. किल्ली फिरवली की एकच 'टक्', इंजिन हलतसुद्धा नाही. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडं ठेवलं की पुन्हा लागतो. धक्का मारला तर दुसऱ्या गियरवर लगेच चालू होते, म्हणजे इंजिनात खोट नाही.

आतापर्यंत बॅटरी बदलली. सेल्फ उतरवून इथल्या एका इलेक्ट्रिशियनकडून कार्बन (ब्रश) आणि बुश (शाफ्टची बेअरिंगं) घालून घेतले. फरक पडेना, मग सोलेनॉईड (किल्ली फिरवली की सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) नवा टाकला. तरी तेच. आता तो म्हणतो आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) रिवाइंड करा. पुन्हा खिशात हात घालण्याआधी जाणकारांना विचारतोय.

धक्का_स्टार्ट
उतारावर लावत जा. आमच्या वडिलांनी कित्येक वर्षं सेल्फ असूनही याच पद्धतीने गाडी वापरली.
(हलके घ्या.)

वाहनवेडा
गरम झाल्यावरच होतंय म्हणजे व्हेपर लॉक. पेट्रोलची नळी आणि पंप तापला की आत वाफ धरते. पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटांत गाडी चालू. घाटात जुन्या फियाटींच्या पंपावर ओलं फडकं बांधलेलं आम्ही लहानपणी पाहिलंय.

कृष्णाकाठ
वाहनवेडा, व्हेपर लॉकमध्ये सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही ना? इथे सेल्फच फिरत नाही.

वाहनवेडा
हो, ते बरोबर. मग दुसरी शंका. ठिणगीचं टायमिंग जास्त पुढे असेल तर गरम इंजिन सेल्फला उलटा झटका देतं. इंजिनाचं काम झालंय, डेल्को (डिस्ट्रिब्युटर) बसवताना थोडा इकडेतिकडे झाला असेल.

अण्णा_परळ
टायमिंग पुढे असेल तर सेल्फ फिरता फिरता अडकतो, 'घर्र... ठप्प... घर्र' असा. ह्यांचं एकदाच टक् वाजतंय. टायमिंगचा विषय सोडा.

भाऊ, मी सगळी हयात परळच्या गॅरेजात टॅक्स्यांचे सेल्फ खोलण्यात घालवली. गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी कान लावायचो, पाना नंतर. आवाज तीन प्रकारचे. 'टक्टक्टक्टक्' असा सलग वाजला तर करंट कमी : बॅटरी उतरलेली, टर्मिनल सैल, नाहीतर सोलेनॉईडच्या आतली धरून ठेवणारी कॉइल तुटलेली. 'घूंऽऽ' करून मोटर नुसतीच फिरली आणि इंजिन जागचं हललं नाही तर पिनियनचा (सेल्फच्या दातेरी चाकाचा) क्लच गेला, किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात खाल्लेत. आणि एकच टक् होऊन शांत झालं, तर आत पुरेसा जोर पोचत नाही, किंवा पोचतोय पण आतले कॉन्टॅक्ट जळलेत.

आता एक करा. रात्री हेडलाईट लावा आणि गाडी गरम असताना, टक् होतंय तेव्हा, भिंतीवरचा उजेड बघा. उजेड एकदम मंद पडला तर करंट जातोय पण मोटर फिरू शकत नाही. उजेड तसाच राहिला तर करंट मोटरपर्यंत जातच नाही. ह्याला ना मीटर लागतो ना पैसे.

आणि अजून एक. चोकची केबल हाताला गरम लागते का? नीट बघून सांगा.

चिपळूणकर
चोकच्या केबलचा आणि सेल्फचा काय संबंध? वाचतोय.

कृष्णाकाठ
अण्णा, दोन्ही पाहिलं. गरम इंजिनावर टक् होताना उजेड जवळजवळ तसाच राहतो, किंचित मिणमिणतो इतकंच.

पण चोकच्या केबलचं तुम्हाला कसं कळलं? इंजिनाच्या कामानंतर नवीनच टाकली होती. कार्ब्युरेटरच्या बाजूला तिचं प्लास्टिक पिवळं पडून सुरकुतलंय. आत्ता थंड गाडीला सलग सेल्फ मारून पाहिला आणि केबलला हात लावला तर चांगली कोमट. मी समजत होतो इंजिनाच्या गरमीने झालंय.

अण्णा_परळ
मिळाला चोर. एक चोर तरी मिळाला. इंजिनाची अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी) धड नाही. गाडीला रंग दिलाय म्हणालात ना?

विद्युल्लता
अण्णांचा प्रश्न वाचून बसल्या जागी टाळी वाजवली. चिपळूणकरांसाठी जरा सविस्तर लिहिते. माझी नोकरी वीज क्षेत्रातली आणि घरी भावाची १९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट आहे, त्यामुळे दोन्हीकडून थोडं कळतं.

सेल्फला करंट बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून जाड केबलने येतो, हे सगळ्यांना दिसतं. तो परत निगेटिव्हकडे कसा जातो, हे कुणी बघत नाही. सेल्फ इंजिनाला बोल्टने जोडलेला, म्हणून परतीचा रस्ता इंजिनाच्या लोखंडातून. पण इंजिन बसलंय रबरी माउंटिंगवर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गियरबॉक्स ते बॉडी अशी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. ती सैल, कुजलेली किंवा रंगावर बसवलेली असेल तर करंटला दुसरा रस्ता शोधावा लागतो. इंजिन आणि बॉडी दोन्हींना टेकलेलं धातूचं आणखी काय असतं? चोकची केबल, अॅक्सिलरेटरचा दांडा किंवा केबल. त्यातून तो जातो, आणि इतक्या करंटसाठी त्या केलेल्या नसल्यामुळे त्या तापतात. क्वचित धूरही निघतो.

कृष्णाकाठ, तुमच्याकडे मल्टिमीटर आहे का? असला तर आर्मेचरला हात लावण्याआधी मापं घेऊ.

कृष्णाकाठ
आहे, साधा डिजिटल. तो अर्थचा पट्टा मी तपासला होता. मीटर बीपवर ठेवून एक टोक इंजिनाला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं तर छान बीप वाजते. ओहममध्ये ०.० दाखवतो.

विद्युल्लता
त्या बीपवर विश्वास ठेवू नका. बीपच्या वेळी मीटर अगदी नगण्य, मिलीअँपिअरमधला करंट सोडतो. विणलेल्या पट्ट्याचा एक केसासारखा धागा शिल्लक असला तरी बीप वाजणार. सेल्फ इंजिन फिरवताना घेतो साधारण १०० ते २०० अँपिअर, आणि पहिल्या क्षणी त्याहून जास्त. समजा जोडात फक्त ०.०१ ओहम अडथळा आहे. तुमच्या मीटरला तो दिसणारही नाही. पण १५० अँपिअर गुणिले ०.०१ म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खाल्ले गेले. बारा व्होल्टच्या गाडीत दीड व्होल्ट म्हणजे फार झाले.

त्यामुळे ओहम विसरा, डीसी व्होल्टवर ठेवा, आणि मापं घ्यायची ती सेल्फ फिरत असतानाच. त्याआधी गाडी चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून टेप लावून ठेवा. हँडब्रेक ओढा, गियर न्यूट्रलला आहे हे गाडी हलवून बघा. पद्मिनीचा दांडा स्टिअरिंगजवळ असल्यामुळे नुसत्या नजरेने न्यूट्रल कळत नाही. हातातलं घड्याळ, अंगठी काढून ठेवा. दुसरं माणूस किल्लीवर. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये त्याला थंड होऊ द्या.

पहिलं माप बॅटरीच्या दोन खांबांवर. केबलच्या टर्मिनलवर नको, शिशाच्या खांबावरच टोकं टेकवा. नुसती असताना १२.६ च्या आसपास हवी, सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको.

दुसरं, बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सोलेनॉईडवर मोटरकडे जाणारा बोल्ट. सेल्फ फिरत असताना इथे जे व्होल्ट दिसतील ते वाटेत वाया गेलेले. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल.

तिसरं, बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते सेल्फची बॉडी, रंग खरवडून उघड्या धातूवर. ०.२, फार तर ०.३.

चौथं गाडी गरम असताना, टक् होतंय त्याच वेळी. सोलेनॉईडला किल्लीकडून येणारी बारीक वायर जिथे लागते ते टोक ते सेल्फची बॉडी. तिथे किती व्होल्ट पोचतात ते लिहा, त्याच वेळचे बॅटरीचे व्होल्ट पण.

मायनरवाला_यूके
विद्युल्लता ताई, उत्तम. बऱ्याच लोकांना हे माप उलटं वाटतं, कारण मीटर चांगल्या वायरीवर शून्य दाखवतो आणि खराब वायरीवर आकडा. माझ्याकडे मॉरिस मायनर आहे, इथल्या क्लबातली म्हातारी मंडळीही पहिला प्रश्न अर्थचाच विचारतात.

जुनं_ते_सोनं
रंगकाम झालेल्या गाडीत हे हमखास. रंगारी सगळं पत्र्यापर्यंत घासून प्रायमर, रंग, लॅकर देतो. मग फिटर चकचकीत रंगावर अर्थचा पट्टा आवळतो. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढाच.

उद्यमनगर
अर्थचं मान्य. पण आर्मेचरला एवढ्यात क्लीन चिट देऊ नका. माझं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं काम आहे, सेल्फचे बुश नेहमी करून देतो. बुश ढिला असला तर आर्मेचर मधोमध राहत नाही, करंट आला की पोल शूकडे (भोवतीच्या चुंबकाकडे) ओढला जाऊन घासतो. गरम झाल्यावर जास्त. सेल्फ पुन्हा उतरवलात तर आर्मेचरच्या पत्र्यांवर चकचकीत घासल्याच्या खुणा आहेत का बघा. असतील तर बुश चुकीच्या मापाचा आहे.

नवा बुश सच्छिद्र ब्राँझचा असेल तर बसवण्याआधी एक दिवस इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा असतो. घाईत कोणी करत नाही. मग वर्षभरात गिऱ्हाईक परत.

कृष्णाकाठ
उद्यमनगर, सेल्फ दुरुस्तीला दिला तेव्हा मी समोर होतो. आर्मेचरवर घासल्याच्या खुणा नव्हत्या. त्याने कम्युटेटर (आर्मेचरवर कार्बन टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) लेथवर साफ केला आणि पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या पात्याने खोल केला. ते बरोबर ना?

उद्यमनगर
डायनॅमोला करतात तसं. आम्हीही करतो.

मायनरवाला_यूके
इथे थोडा वाद घालतो. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) जुन्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये लुकासच्या सेल्फबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे की कम्युटेटरचा अभ्रक खोल करायचा नाही. डायनॅमोचा करायचा. डायनॅमो तासन्तास फिरतो, पट्ट्या झिजल्या की अभ्रक वर येऊन कार्बन उडवतो. सेल्फ काही सेकंदांचा पाहुणा. त्याचे कार्बन तांबं मिसळलेले, खाचा केल्या तर त्यांची भुकटी खाचांत साचून दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या जाण्याची भीती.

पद्मिनीचा सेल्फ वेगळा, त्यामुळे तिला हेच लागू होईल असं म्हणत नाही. पण एकाच नियमाने दोन्ही खोल करणं बरोबर नाही.

अण्णा_परळ
आम्ही सेल्फचा अभ्रक कधी कोरला नाही. बारीक पॉलिश पेपर मारायचा, एमरी नाही, एमरीचे कण आत अडकतात. आता कोरलाच असेल तर ब्रशने खाचा साफ ठेवा, मोडून पडणार नाही काही.

गोव्याची_अँबी
मध्येच घुसते, माफ करा. आमच्याकडे म्हापशाला जुनी अँबॅसिडर आहे, १४८९ सीसीवाली. तिचा सेल्फ कधी कधी 'घूंऽऽ' करून नुसता फिरतो, इंजिन हलत नाही. दोन-तीनदा किल्ली फिरवली की मग 'खट्ट' करून लागतो. पावसाळ्यात जास्त. अण्णांच्या यादीप्रमाणे रिंग गेली का? इंजिन-गियरबॉक्स वेगळं करायला सांगतायत.

मायनरवाला_यूके
थांबा, लगेच गियरबॉक्स उतरवू नका! तुमच्या अँबॅसिडरला माझ्या मायनरसारखाच बेंडिक्सचा सेल्फ असणार. सोलेनॉईड सेल्फवर नसून लांब, बॉडीवर बसवलेला आहे का बघा. असेल तर बेंडिक्सच.

पद्मिनीच्या सेल्फमध्ये सोलेनॉईड आधी पिनियन ढकलून दातांत बसवतो आणि मग मोटरला करंट देतो. बेंडिक्समध्ये ढकलणारं कोणी नाही. मोटर झटक्यात फिरते, पिनियन जडत्वामुळे मागे राहतो आणि आट्यांवरून सरकत रिंगमध्ये जाऊन बसतो. त्या आट्यांवर क्लचची धूळ, तेल, गंज साचला की पिनियन सरकत नाही, मोटर नुसती घूं करते. पावसाळ्यात जास्त होतं म्हणता, म्हणजे हेच. सेल्फ उतरवा, दोन बोल्टचं काम. बेंडिक्स रॉकेलने ब्रश मारून धुवा, कोरडा करा. ग्रीस किंवा तेल अजिबात लावू नका, धूळ चिकटून पुन्हा तेच होईल.

अण्णा_परळ
बरोबर. सेल्फ उतरवलाच आहे तर त्या भोकातून टॉर्च मारून रिंगचे दात पण बघा, इंजिन हाताने फिरवत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरलेल्या दोन जागीच थांबतं, समोरासमोर. त्यामुळे रिंग त्या दोनच जागी खाल्ली जाते, बाकी नव्यासारखी. रिंग तापवून काढून थोडी फिरवून बसवली की पुन्हा बरीच वर्षं.

आणि कधी पिनियन दातांत अडकून बसला, किल्ली फिरवली की काहीच होत नाही, तर किल्ली बंद करून गाडी टॉपमध्ये टाका आणि दोघांनी पुढेमागे हलवा. सुटतो. नाही सुटला तर सेल्फच्या मागच्या टोकाला टोपीखाली चौकोनी शाफ्ट असतो, त्याला पाना लावून फिरवा.

गोव्याची_अँबी
सोलेनॉईड लांबच आहे! देव बरें करूं तुम्हा दोघांचं. उद्याच मेस्तला बोलावते.

कृष्णाकाठ
मापं घेतली. पुतण्या किल्लीवर, मी मीटरवर.

थंड गाडी : बॅटरी नुसती १२.६. सेल्फ मारताना १०.४. पॉझिटिव्ह बाजू ०.४. निगेटिव्ह बाजू १.९!

गरम गाडी, टक् होताना : बॅटरी १२.२. बारीक वायरीच्या टोकाला ८.१. त्याच वेळी निगेटिव्ह बाजू मोजली तर ०.४ च.

मग अर्थचा पट्टा काढला. जुनं_ते_सोनं, तुम्ही पाहून आल्यासारखं लिहिलंत. बॉडीच्या बाजूला थिंबलखाली (पट्ट्याच्या टोकाच्या कडीखाली) अखंड रंग, पट्ट्याची छाप त्यावर उमटलेली. इंजिनाच्या बाजूला थिंबलमध्ये हिरवट चुरा. पण एक कळलं नाही, गरम असताना निगेटिव्ह बाजू सुधारली कशी?

विद्युल्लता
सुधारली नाही. गरम असताना मोटर फिरलीच नाही, त्यामुळे त्या रस्त्याने थोडाच करंट गेला, फक्त सोलेनॉईडच्या कॉइलचा. थोडा करंट, थोडे व्होल्ट वाया. तुमची मापं एकमेकांशी जुळतात का पाहा : १२.२ मधून अर्थचे ०.४ आणि सोलेनॉईडला मिळालेले ८.१ वजा केले तर ३.७ उरतात. हे ३.७ बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून किल्लीच्या स्विचमार्गे सोलेनॉईडपर्यंत येताना हरवतायत. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. थंड असताना सेल्फ जड फिरतो तो अर्थमुळे : बॅटरीकडे १०.४ असताना मोटरला ८.१ च मिळत होते. गरम असताना टक् होतं ते मुख्यतः बारीक वायरीमुळे.

गरमीचा संबंध असा. तांब्याचा अडथळा तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. सोलेनॉईडची कॉइल सकाळपेक्षा ६० अंश जास्त तापली तर तिचा अडथळा जवळजवळ पावपट वाढला. त्या मानाने करंट कमी, ओढ कमी. वर बारा व्होल्टऐवजी आठच पोचतायत. सोलेनॉईडचा प्लंजर (आतला सरकता दांडा) निघतो, पिनियन रिंगला जाऊन टेकतो, तो आवाज म्हणजे तुमचा टक्, पण शेवटची स्प्रिंग दाबून कॉन्टॅक्ट मिळवायला जोर उरत नाही. हेडलाईट का मंदावला नाही तेही यातच आलं. थंड असताना आठ व्होल्टवरही कसंबसं जमत होतं.

नवा सोलेनॉईड टाकूनही फरक पडला नाही, कारण त्यालाही तेच आठ व्होल्ट मिळत होते.

चिपळूणकर
इतकं समजावून शाळेत कोणी सांगितलं असतं तर भौतिकशास्त्रात नापास झालो नसतो. वाखु (वाचनखूण) साठवली.

अण्णा_परळ
ताई बोलल्या त्यात एकच भर. अर्थचा पट्टा नवीन घ्या, जाडजूड विणलेला. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, मग काम. बॉडीवर थिंबल बसेल तेवढाच गोल खरवडून उघडा पत्रा करा. दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस फासा म्हणजे गंज धरणार नाही. आधी ग्रीस नको.

बारीक वायरीच्या वाटेत गोळीचे जोड (एकमेकांत खुपसायचे बुलेट कनेक्टर) असतील, ते ओढून बघा. हिरवे झालेले असतात.

कृष्णाकाठ
पट्टा बदलला. निगेटिव्ह बाजू १.९ वरून ०.१५ वर आली. चोकची केबल थंडगार. सकाळी सेल्फ असा फिरतो की ही तीच गाडी का असं वाटावं.

एक शंका. सेल्फ मारताना बॅटरी आधी १०.४ दाखवायची, आता १०.२ दाखवते. बॅटरी खराब होतेय का?

गोळीचा एक जोड खरंच हिरवा होता, साफ केला. बारीक वायरीवर वाया जाणारे ३.७ आता १.६ वर आले. गरम गाडीला सेल्फ लागतो, पण काल एकदा पुन्हा टक् झालं.

विद्युल्लता
बॅटरी ठीक आहे. वाटेतला अडथळा गेला, मोटर हक्काचा करंट घेऊ लागली, म्हणून बॅटरी जरा जास्त वाकते. १०.२ मधून ०.१५ आणि ०.४ गेले, मोटरला साडेनऊच्या वर मिळतायत. आधी आठ मिळत होते.

उरलेले १.६ बहुतेक किल्लीच्या स्विचमध्ये. सोलेनॉईड पहिल्या क्षणी ३०-४० अँपिअर ओढतो, तो सगळा भार चाळीस वर्षांच्या स्विचच्या इवल्याशा कॉन्टॅक्टवर. रिले बसवा. चार पायांचा, ४० अँपिअरचा. ३० नंबरच्या पायाला बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ सोलेनॉईडच्या बारीक टोकाला, ८६ ला किल्लीकडून येणारी जुनी वायर, ८५ बॉडीला. किल्लीला मग फक्त रिले उचलावा लागतो, अर्ध्या अँपिअरच्याही आतलं काम.

जुनं_ते_सोनं
रिलेला माझा विरोध. कंपनीने दिला नव्हता तो भाग का घालायचा? स्विच नवा टाका. आधी या गाड्या रिलेशिवायच लाखो किलोमीटर धावल्या की. उद्या प्रदर्शनात परीक्षक बॉनेट उघडेल आणि चिनी रिले दिसेल.

अण्णा_परळ
स्विच नवा मिळतो कुठे आता? मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं २०२३च्या ऑक्टोबरात भरली, त्याबरोबर तिचं गिऱ्हाईक संपलं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर पूर्वी म्हणाल तो पार्ट मिळायचा, गाडीच तिथे कुर्ल्याला बनायची. आता मिळतो तो जुना पडून राहिलेला, नाहीतर नकली. नकलीपेक्षा रिले बरा. टॅक्सीवाले घालायचेच.

जुनं_ते_सोनं
पुण्याला नाना पेठेत विचारून बघतो. पण रिले घालायचाच तर डॅशबोर्डच्या आत लपवा आणि जुनी वायर कापू नका. उद्या कोणाला मूळ रूपात आणायची असेल तर दोन थिंबल बदलून काम व्हायला हवं.

विद्युल्लता
वायर कापू नये याच्याशी पूर्ण सहमत. डॅशबोर्डच्या आत मात्र नको, तारांची लांबी वाढते आणि आपण कमी करायला निघालोय ते व्होल्ट पुन्हा वाया जातात. सोलेनॉईडच्या जवळ, पण इंजिनावर नाही, आतल्या पत्र्यावर पाणी उडणार नाही अशा जागी, पाय खाली करून.

वाहनवेडा
तोपर्यंत रस्त्यात अडकले तर? स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉईडचे दोन मोठे बोल्ट जोडतात तसं चालेल का?

अण्णा_परळ
नका करू. दोन मोठे बोल्ट जोडले तर पिनियन दातांत न जाता मोटर मोकळी सुसाट फिरते, गाडी चालू होत नाही, वर स्क्रूड्रायव्हर वितळतो. जोडायचंच तर बॅटरीचा मोठा बोल्ट आणि बारीक वायरीचं टोक. ठिणगी उडतेच, आजूबाजूला पेट्रोलचा वास असेल तर तेही नाही. आणि गियरमध्ये असेल तर गाडी अंगावर येते, माणसं चिरडलेली पाहिलीत. त्यापेक्षा चार माणसं बोलावून धक्का मारा.

कृष्णाकाठ
रिले बसवला, जुनी वायर अखंड ठेवून. गरम गाडीत सोलेनॉईडला आता ११.४ पोचतात. भर दुपारी घाट चढून वर आल्या आल्या बंद केली, लगेच किल्ली मारली, लागला. मुद्दाम पुन्हा पुन्हा बंद करून पाहिलं, एकदाही टक् नाही. आर्मेचर आहे तसाच. विद्युल्लता ताई, अण्णा आणि सगळ्यांचे मनापासून आभार.

रिलेच्या ३० नंबरला वायर कोणती वापरायची हे आधी विचारायचं राहिलं होतं. मी दुकानदाराने दिली ती ४ चौरस मिलिमीटरची टाकली आहे, फ्यूज ३०चा. चालेल ना?

विद्युल्लता
चालेल. फ्यूज बॅटरीच्या टोकाला हवा, रिलेच्या टोकाला नाही, नाहीतर मधली वायर कुठे घासली तर तिला संरक्षण उरत नाही. आणि ती वायर पत्र्याच्या भोकातून जात असेल तर रबरी ग्रोमेट घाला.

अण्णा_परळ
आणि काढलेला जुना सोलेनॉईड फेकला नसेल तर ठेवा. त्याच्यात बहुतेक काहीच खोट नव्हती. मागचं झाकण उघडून बघा, आतले तांब्याचे बोल्ट जळके दिसले तर अर्धा फेरा फिरवून बसवा, चकती पालथी करा, नवी बाजू मिळते. झाकण उघडायला आधी दोन टाके सोल्डर सोडवावे लागतात, घाईने ओढाल तर कॉइलची तार तुटेल.